काळ्या घोड्यापाशी पाच संध्याकाळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "पापडाचे पीठ मळायला सांगा, भाषण नको." पण त्यांनी विषयच असा दिला की नाही म्हणवेना. 2023 च्या फेब्रुवारीत मी काळा घोडा कला महोत्सवाला गेले होते, त्याविषयी बोला म्हणाल्या. त्या वेळी आपल्या वाडीत पुष्कळजणींना वाटले होते, की या बाईला झाले आहे तरी काय! नवरा अंथरुणावर, आणि ही पाच वाजता साडी बदलून निघते. तोंडावर कोणी बोलले नाही, हा तुमचा चांगुलपणा. पण जिन्यात माझी चाहूल लागली की बोलणे थांबे, एवढे मला कळत होते.

आधी घोड्याचे सांगते, कारण तो घोडा मी पाहिलेला आहे. सातवा एडवर्ड युवराज असताना मुंबईस येऊन गेला, त्याची आठवण म्हणून सॅसून घराण्याने हा पुतळा दिला आणि 1879 साली तो तिथे उभा राहिला. स्वार राजा, पण लोकांनी नाव ठेवले ते घोड्याचे! वडिलांचे बोट धरून मी तिथून जात असे. राजा कोण हे मी कधी विचारले नाही. घोड्याला पाणी कोण पाजते, हे मात्र विचारले होते. 1965 साली पुतळा तिथून हलवला, आता तो राणीच्या बागेत आहे. घोडा गेला तरी नाव राहिले. 2017 साली त्या भागात नवा काळा घोडा उभा केला, त्याच्यावर स्वार नाही. मला हा जास्त आवडतो.

त्या घोड्याच्या नावाने 1999 पासून हा महोत्सव भरतो. म्हणायचा आठवडा, पण दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस. नाच, गाणे, नाटक, चित्रपट, पुस्तकांवरची भाषणे, जुन्या इमारती दाखवीत फिरवणे, मुलांचे कार्यक्रम, रस्त्यावर मांडलेली शिल्पे, कारागिरांची दुकाने. आणि तिकीट कशालाच नाही. करोनामुळे खंड पडला होता, तो 2023 मध्ये पुन्हा भरला. गिरगावातून तो किती लांब? तरी मी चोवीस वर्षांत एकदाही गेले नव्हते. ते इंग्रजी बोलणाऱ्यांचे, जीन घालणाऱ्या मुलींचे, असे मीच ठरवून टाकले होते.

आमच्या घरचे तुम्हाला माहीतच आहे. यांना पक्षाघात झाल्यापासून मी संध्याकाळी उंबरा ओलांडला नव्हता. हे छापखान्यात खिळे जुळवीत असत. तरुणपणी रविवारी जहांगीर आर्ट गॅलरीत जाऊन चित्रे पाहात, कारण तिथेही पैसे पडत नाहीत. मला कधी नेले नाही. तुला काय कळणार, असे काही नव्हे. मुले लहान होती, एवढेच. वर्तमानपत्रात महोत्सवाची बातमी आली ती मी यांना वाचून दाखवली, तर म्हणाले, "तू जाऊन ये." समोरच्या वहिनी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "पाच ते आठ मी बसते. माझी भाजी इथेच निवडीन."

पहिला दिवस शनिवारचा. चर्नी रोडहून चर्चगेटला गाडीने गेले आणि पुढे चालत. गर्दी इतकी, की पाऊल ठेवायला जागा नाही. जो तो आपलाच फोटो काढतो आहे. दीड तास रेटारेटी सोसून परत आले. यांनी विचारले, "काय पाहिलेस?" मी म्हटले, "माणसांची डोकी." हे अर्ध्या तोंडाने हसले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते. म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी कोण जातं! सोमवारी जा."

सोमवारी खरोखरच मोकळे होते. मोडके लोखंड, दोऱ्या, कागद, काय काय वापरून माणसाच्या दुप्पट उंचीची शिल्पे उभी केली होती. मी हौसेने पाहिली आणि घरी येऊन सांगू लागले, तो यांचे प्रश्न सुरू. ते उभे कशावर होते? जोड दिसतात का? मागून कसे दिसते? मला एकाचेही उत्तर येईना. म्हणून बुधवारी गेले ती आधी त्याच शिल्पाच्या मागे जाऊन उभी राहिले. लोक पुढून पाहताहेत आणि ही म्हातारी मागे वाकून जोड शोधते आहे! पण खरे सांगते, पाहणे म्हणजे काय ते मला तिथे समजले. मग डेव्हिड सॅसून ग्रंथालयाच्या बागेत पुस्तकांवरचे भाषण ऐकले. इंग्रजीत होते, अर्धेच कळले. कीर्तनातले तरी आपल्याला सगळे कुठे कळते?

एक बायकी गोष्टही सांगून ठेवते. त्या दिवशी सोय कुठे आहे ते ठाऊक नव्हते म्हणून मी दुपारपासून पाणीच प्यायले नव्हते, आणि घेरी आली. हा मूर्खपणा कोणी करू नका. पोचल्याबरोबर आधी ते विचारून घ्यावे.

गुरुवारी क्रॉस मैदानावर कथक होते. तबलजी आणि नाचणारी मुलगी एकमेकांना जणू चिडवीत होती, आणि मी घड्याळ पाहायचे विसरले. घरी आले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. हे उपाशी, कारण माझ्या हातून भरवून घ्यायची सवय. वहिनींच्या घरी मुले जेवायची खोळंबलेली, त्यांचे यजमान दारात उभे. वहिनी एक शब्द न बोलता सूप उचलून गेल्या.

शुक्रवारी मी क्षमा मागायला गेले. जास्त वेळ बसवून ठेवले, चूक झाली, म्हटले. त्या पाठमोऱ्याच उभ्या होत्या. म्हणाल्या, "उशिराचा राग नाही हो. मलाही जायचं होतं. तुम्ही चार दिवस गेलात, पण एकदाही विचारलं नाहीत."

भगिनींनो, मला सासूने बोलले, नणंदेने बोलले, पण इतके कोणाचे लागले नव्हते. मी माझ्या सुटकेच्या आनंदात त्यांना भाजी निवडणारी समजून बसले होते.

शेवटच्या रविवारी वहिनी गेल्या. त्यांची दोन्ही मुले माझ्याकडे जेवली. गर्दीचा दिवस, तरी त्या गेल्याच. परत आल्या त्या आपल्या घरी न जाता आधी आमच्याकडे येऊन यांच्या खाटेशी बसल्या. यांनी विचारले, "काय पाहिलंत?" मग पायापासून जोडापर्यंत सगळे प्रश्न. वहिनींना माझ्यापेक्षा जास्त उत्तरे आली, हेही कबूल करते. म्हणजे संध्याकाळी पाच, पण माझ्या चारच, पाचवी त्यांची.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात हे गेले. त्याविषयी आज बोलत नाही.

आता चिटणीसबाईंनी सांगितलेले काम. गिरगावला मेट्रो झाली आहे. तिसरे स्थानक हुतात्मा चौक, तिथून चालत जाता येते. फेब्रुवारीपर्यंत थांबायलाही नको. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे, सकाळी अकरा ते संध्याकाळी सातपर्यंत उघडी असते. मंडळाच्या खोलीत दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आखले आहेत. एकात जाणारीचे नाव, दुसऱ्यात तिच्या घरी मुलांपाशी किंवा दुखणेकऱ्यापाशी बसणारीचे. जी गेली तिने पुढच्या खेपेस बसायचे, एवढाच नियम. समोरच्या वहिनींनी पहिल्या रकान्यात नाव घातले आहे. दुसऱ्यात मी घातले आहे.