डॉक्टरांनी ‘लग्न झालंय का?’ विचारलं, तर

आज आम्ही तिघी बोलतोय. आवाज एकीचा ऐकू येईल, पण मजकूर तिघींनी बसून लिहिलाय, म्हणून ‘आम्ही’. विषय चारचौघांत ऐकण्यासारखा नाही असं काहींना वाटेल. तसं असेल तर रेडिओ घेऊन गच्चीत जा, परसात जा, पण ऐका.

ज्या बायकांचं प्रेम बाईवर आहे, किंवा बाईवरही आणि पुरुषावरही जडू शकतं, त्यांनी दवाखान्यात गेल्यावर काय सांगायचं आणि काय मागायचं, याबद्दल आजचं बोलणं आहे. कुणी लेस्बियन, बायसेक्शुअल म्हणतं, कुणी समलिंगी, उभयलिंगी. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणी स्वतःला यातलं काहीच म्हणवून घेत नाहीत. दवाखान्यात मात्र त्यांनाही जावंच लागतं.

स्त्रीरोगतज्ज्ञाच्या टेबलासमोर बसलं की प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. नाव, वय, आणि मग ‘लग्न झालंय का?’ डॉक्टरांना खरं तर विचारायचं असतं, की शरीरसंबंध आलेत का. तसं थेट विचारायला त्यांनाही संकोच वाटतो, मग लग्नाच्या आडून विचारतात. ‘नाही’ म्हटलं की पुढचं सगळं बदलतं. आतून तपासणी होत नाही, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होत नाही, सोनोग्राफी फक्त पोटावरून. ‘हो’ म्हटलं तर मुलं किती, पाळणा लांबवायला काय वापरता, पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या. बाईबरोबर संसार करणाऱ्या बाईला यातलं कुठलं उत्तर लागू पडतं, सांगा.

आमच्या एका मैत्रिणीची गोष्ट. तिच्या परवानगीनं सांगतोय. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही, बारा वर्षं एकीबरोबर राहते. शेजारपाजारी ‘मावसबहीण’ म्हणून ओळख. दोन पाळ्यांच्या मध्ये तिला अंगावर लाल जायला लागलं. पहिल्या डॉक्टरांनी लग्नाचं विचारलं, ही ‘नाही’ म्हणाली, त्यांनी पाळी नियमित व्हायच्या गोळ्या लिहून दिल्या. चार महिने गेले. दुसऱ्या ठिकाणी पोटावरून सोनोग्राफी झाली, ‘सगळं ठीक आहे, टेन्शन घेऊ नका’. आणखी सहा-सात महिने गेले. मग एका सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टरीण बसली होती. तिनं कागदावरून मान वर न काढता, साखरेचा त्रास आहे का विचारावं त्या सुरात विचारलं, “शरीरसंबंध आहेत का? पुरुषाशी, बाईशी, की दोघांशी?” आमची मैत्रीण सांगते, की बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हा प्रश्न विचारला आणि तिला रडू आलं. डॉक्टरीण म्हणाली, “रडा नंतर, आधी टेबलावर या.”

तपासल्यावर गर्भाशयाच्या मुखाशी एक लहानसा कोंब सापडला. रक्त त्यातून येत होतं. तो काही फार गंभीर नव्हता. पण त्याच वेळी घेतलेल्या नमुन्यात शेजारच्या पेशी बदललेल्या निघाल्या. कर्करोग झालेला नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर होऊ शकला असता. तेवढ्याच जागेला भूल देऊन, विजेच्या तारेच्या बारीक वेटोळ्यानं तो भाग काढला. संध्याकाळी ती घरी आली.

‘आम्ही दोघी बायकाच, आम्हाला तो रोग कसा होईल?’ असं आम्हीही पूर्वी म्हणायचो. आमच्यातली एक तर वीस वर्षं परिचारिका होती, तिलाही हेच वाटायचं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो कातडीला कातडी लागून पसरतो. त्याला पुरुषच लागतो असं नाही. हातानं, तोंडानं, दोघींनी वापरलेल्या साधनानंही तो एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. शिवाय पूर्वी कधी पुरुषाशी संबंध आला असेल, मनानं किंवा जबरदस्तीनं, तर तेव्हा आलेला विषाणू अंगात बरीच वर्षं गुपचूप राहू शकतो. म्हणून तपासणी आपल्यालाही हवीच.

आणि ती अवघड नाही. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे, तोंडाच्या आणि स्तनाच्या तपासणीबरोबर. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. मुंबईत टाटा रुग्णालयानं १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये याचा अभ्यास केला. तपासणाऱ्या आरोग्यसेविका दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. या रोगानं होणारे मृत्यू त्यातून ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, एचपीव्हीची चाचणी एकदाच करून मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. सगळ्या जगानं त्या अभ्यासाचा दाखला घेतला, आणि आपल्याच गावांतल्या बायकांना त्याचा पत्ता नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. एचपीव्हीच्या चाचणीसाठी नमुना आपला आपणही घेता येतो, जागतिक आरोग्य संघटनेला ते मान्य आहे. जिला दुसऱ्याचा हात नकोसा वाटतो तिनं याबद्दल जरूर विचारावं. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी, भाची, पुतणी असेल तर या विषाणूच्या लसीचंही विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून मिळते.

आता मुख्य गोष्ट. त्या ‘लग्न झालंय का’चं उत्तर काय द्यायचं?

डॉक्टरांना आपली प्रेमकथा नको असते. त्यांना कळायला हवं, की शरीरसंबंध आहेत का, पुरुषाशी कधी आले होते का, आणि आज गरोदर असण्याची शक्यता आहे का. म्हणजे उत्तर असं देता येईल: “लग्न नाही, पण संबंध आहेत. जोडीदार बाई आहे.” आरशासमोर दोनदा म्हणून बघा. आम्ही तिघींनी एकमेकींसमोर म्हणून बघितलं. पहिल्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा नीट जमलं. एवढं बोलण्याचं बळ नसेल, किंवा डॉक्टर गावातलेच, बापाच्या ओळखीचे असतील, तर आणखी एक वाक्य आहे: “लग्न झालेलं नसलं तरी माझी आतून तपासणी करा, माझी संमती आहे.” यात कुणाचं नाव नाही, काही कबूल केलेलं नाही, आणि तपासणी होते. सोबत आई किंवा वहिनी आली असेल तर परिचारिकेला हळूच सांगायचं, “मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय.” परिचारिका हे करतात. आमची तर म्हणते, तिनं कितीतरी आया ‘औषधं घेऊन या’ म्हणून बाहेर पाठवल्यात.

रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे. पण फाईल घरी जाते आणि घरात कुणीही उघडते. म्हणून विचारा, “हे तुम्ही कागदावर कसं लिहिताय?” लिहू नका म्हणायचाही आपल्याला हक्क आहे.

ज्यांचा नवरा आहे आणि मैत्रीणही आहे, किंवा कधी पुरुष जोडीदार तर कधी बाई, त्यांची अडचण वेगळी. ‘हो’ म्हटलं की डॉक्टर विचारायचेच थांबतात. समजा, अंगावरून हिरवट-पिवळं, वास येणारं पाणी जातंय आणि ट्रायकोमोनासचा संसर्ग निघाला. औषध तुम्हाला आणि नवऱ्याला मिळतं. मैत्रिणीला मिळत नाही, कारण ती आहे हेच डॉक्टरांना माहीत नाही. महिन्याभरानं संसर्ग परत येतो. तेव्हा निदान एवढं तरी म्हणा, “औषध अजून एका माणसासाठी लागेल.” ती कोण, हे सांगायलाच हवं असं नाही, पण तिचीही तपासणी झाली तर चांगलं.

पातळ, राखट पांढरं आणि मासळीसारख्या वासाचं पाणी जाणं हा दुसरा प्रकार, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. बायकांचेच संबंध असलेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. तो अस्वच्छपणामुळे होत नाही. उलट साबण, जंतुनाशकानं आतून धुतल्यामुळे वाढतो. आतलं धुऊ नका, बाहेरचं पाण्यानं धुतलं की पुरे. दोघींमध्ये एखादं साधन वापरत असाल तर प्रत्येकीसाठी त्यावर वेगळा निरोध चढवा, नाहीतर मध्ये साबणानं स्वच्छ धुवा. हे रेडिओवर बोलायचं का, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी बोलायचं ठरलं.

तपासणीच्या टेबलाविषयी. ते चोचीसारखं उपकरण असतं, स्पेक्युलम, त्याचे लहान-मोठे आकार असतात. लहान मागा. दुखलं तर ‘थांबा’ म्हणा. ज्यांच्यावर कधी जबरदस्ती झाली आहे त्यांनी हात लावण्याआधी एवढं सांगावं, “मला प्रत्येक वेळी सांगून मग हात लावा.” कारण सांगायची गरज नाही. खोलीत एक बाई थांबवून घ्या, हवं तर आपली जोडीदार.

स्तनांबद्दल थोडंसंच. मूल न झालेल्या, अंगावर न पाजलेल्या बाईला स्तनाच्या कर्करोगाची शक्यता थोडी अधिक असते. घाबरण्याइतकी नाही, पण ‘आपल्याला काय’ म्हणून सोडण्याइतकी कमीही नाही. गाठ, कातडीला खळी, बोंडातून रक्त, यातलं काही दिसलं तर लगेच जा. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तरी तसंच.

मनाचं सांगितल्याशिवाय हे बोलणं अर्धं राहील. झोप न येणं, छातीत धडधड, जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार, मिश्री किंवा दारू वाढत जाणं. सतत लपून जगण्याचा हा भार असतो. डॉक्टरांना तेही सांगा. मात्र एखादा डॉक्टर ‘हे औषधानं सुटेल, मुलांमध्ये मन रमवा, लग्न करा’ म्हणाला तर उठून या. समलिंगी असणं आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे ‘बदलण्याचे उपचार’ हे डॉक्टराचं गैरवर्तन ठरवलं. हे सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक असतं असं मात्र नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात बायकांमधलं प्रेम अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत पुन्हा छापून आलं होतं. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो कागद मागे घेतला. तेव्हा समोरचे डॉक्टर गोंधळले तर त्यांना तसंच शिकवलंय हे लक्षात ठेवा, आणि दुसरा डॉक्टर शोधा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शेवटी सह्यांचं. आमच्या मैत्रिणीच्या वेळी कारकून म्हणाला, “नातेवाईकाची सही लागेल, ही मावसबहीण चालणार नाही, भावाला बोलवा.” भावाशी दहा वर्षं बोलणं नाही. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, आता आहे. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या उपचाराला तिची स्वतःची संमती पुरते. दिल्लीत एका ४४ वर्षांच्या अविवाहित बाईला भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं, की तातडीचा प्रसंग नसताना आईची संमती चालत नाही, तिलाच विचारायला हवं होतं. मानसिक उपचारांसाठी तर २०१७ च्या कायद्यानं आपला प्रतिनिधी आपणच नेमता येतो. साध्या कागदावर नाव लिहायचं, सही किंवा अंगठा. तिथं जोडीदाराचं नाव लिहिता येतं. लिहून ठेवा, एक प्रत तिच्याकडे द्या.

मैत्रिणीची पुढची तपासणी आता दिवाळीनंतर आहे. या खेपेला दोघी एकत्र आत जाणार आहेत. तुमच्या मनात काही असेल तर केंद्राच्या पेटीत चिठ्ठी टाका, नाव लिहू नका. उत्तर आम्ही पुढच्या वेळी इथूनच देऊ.