जुन्या लांकडावरचा रंग उतरवितांना

शहरांतील सुशिक्षित घरांत एखादें जुनें सागवानी कपाट, एखादी शिसवी खुर्ची किंवा दोन-तीन पिढ्यांनीं वापरलेला पाळणा बहुधा सांपडतोच. कपाटखुर्च्या निदान डोळ्यांसमोर तरी असतात. पाळणा मात्र वर्षानुवर्षें माळ्यावर पडून राहतो आणि घरांत बाळाची चाहूल लागली कीं खालीं उतरतो. मग कोणी उत्साही गृहस्थ रविवार साधून कांचकागद घेऊन बसतो, आणि सायंकाळपर्यंत घरभर रंगाची धूळ पसरलेली असते. हौस चांगली, पण ज्या बाळासाठीं हा खटाटोप, त्यालाच ही धूळ बाधूं शकते हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें.

जुन्या तैलरंगांत शिशाचीं संयुगें सर्रास घालीत. त्यामुळें रंग लौकर वाळे, उजळ दिसे आणि टिके. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. त्यापूर्वीं रंगविलेल्या वस्तूवर, विशेषतः जिच्यावर पिवळ्या, तांबड्या वा हिरव्या रंगाचे थरावर थर चढलेले आहेत अशा वस्तूवर, शिसें आहे असेंच धरून चालावें. शिसें पोटांत गेलें असतां लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि तो पुढें भरून येत नाहीं. रांगणारें मूल जमिनीवरची धूळ बोटांनीं तोंडांत घालतें, पाळण्याची कड चघळतें. त्याला कोण अडविणार? म्हणून असा रंग कोरडा घासूं नये, आणि ज्वाळेनें तर मुळींच जाळूं नये. अति तापलेल्या रंगांतून शिशाची विषारी वाफ उठते. खालीं जाड प्लॅस्टिक अंथरून, रंग ओला ठेवून हलक्या हातानें खरवडावा. शेवटीं जमीन ओल्या फडक्यानें पुसावी. केरसुणीनें ती धूळ नुसती जागा बदलते. मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या जागेजवळ फिरकूंहि देऊं नये.

कष्ट वांचावे म्हणून कित्येक जण रंग काढण्याचें तयार औषध आणतात. तें लावतांच रंग फोडासारखा फुगून वर येतो, आणि पाहणाराला मोठें नवल वाटतें. हा प्रताप बहुधा मेथिलीन क्लोराइडचा असतो. त्याची वाफ हवेहून जड. बंद खोलींत ती खालीं सांचून राहते, आणि श्वासावाटे शरीरांत गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हृदयविकाराच्या माणसाला तर याचा धोका फारच. अशा औषधानें माणसें दगावल्यानंतर अमेरिकेंत २०१९ सालीं तें घरगुती ग्राहकांना विकण्यास बंदी करण्यांत आली. तोंडाला बांधलेला रुमाल या वाफेपुढें कुचकामाचा आहे. डब्यावरचें लेबल वाचावें. बेंझाइल अल्कोहोलचें औषध मिळालें तर तें घ्यावें. तें सावकाश काम करतें, हाच काय तो त्याचा दोष. हातमोजे आणि मोकळी हवा त्यालाहि हवीच. कॉस्टिक सोड्याचें पाणी स्वस्त खरें, पण त्यानें सागवान काळवंडतें आणि सरसानें जोडलेले सांधे सुटतात.

परंतु या औषधांची गरज खरोखर आहे का, हें आधीं पाहावें. ज्या जुन्या सामानावर रंग नसून नुसती तकाकी आहे, त्यावर बहुधा लाखेचें पॉलिश असतें. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर पोसणाऱ्या किड्यांपासून ही लाख मिळते; तिच्या अभ्यासासाठीं १९२४ सालीं रांचीजवळ नामकूम येथें स्वतंत्र संस्था निघाली, यावरून तिचें महत्त्व ध्यानीं यावें. परीक्षा सोपी आहे. कपाटाच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागीं स्पिरिटांत भिजविलेला कापूस क्षणभर दाबून धरावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख समजावी. मग सगळें खरवडण्याचें कारण नाहीं. मळ पुसून घ्यावा, चपडी लाख स्पिरिटांत रात्रभर भिजवून फडक्यानें गाळावी, आणि कापसाच्या बोळ्यावर मऊ सुती कापड गुंडाळून तिचे पातळ हात एकावर एक द्यावे. नवी लाख जुन्या लाखेंत मिसळून जाते. दहा पातळ हात दोन जाड हातांहून केव्हांहि सरस. मळकट दिसणाऱ्या ज्या लांकडावर रंग फासण्याचा बेत ठरत होता, त्याचे रेषे याच्याखालीं पुन्हा उमटूं लागतात. देवदारी फळ्यांचें सामान रंगानेंच शोभतें, त्याला खुशाल रंगवावें. सागवान आणि शिसव यांना मात्र रंगाखालीं दडपणें हा निव्वळ अविचार होय.

कोणी लाखेऐवजीं जवसाचें तेल पसंत करतात. तेंहि चांगलें, मात्र त्यांत भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यांत बोळा करून टाकूं नयेत. तें तेल वाळतांना उष्णता सुटते, आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊं शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

लाखेचें काम पावसाळ्यांत काढूं नये. दमट हवेंत तिच्यावर पांढुरकी सांय धरते, आणि केलेले हात पुन्हा स्पिरिटानें उतरवावे लागतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. पाळणा लौकर हवा असेल, तर निदान चार दिवस कडक ऊन पडेपर्यंत थांबावें.