मालाडची बोलपटनगरी

मुंबईच्या उपनगरांतील सुशिक्षित घरांत जुन्या हॉलिवुडचें वेड आहे, आणि तें आजकालचें नाहीं. १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावूं लागली. पुढें दहा वर्षांनीं मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें धोबी तलावाजवळ आपलें मेट्रो चित्रगृह उघडलें. आणि अंधेरी-मालाडच्या बिऱ्हाडकरूंना परदेशीं न जातां गार्बोचें दर्शन घडूं लागलें. चॅप्लिनची काठी, गार्बोची जड पापण्यांखालील दृष्टि, 'कॅसाब्लँका'मधील बोगार्टचा कडवट संयम, यांविषयीं नातवंडेंहि आजोबांइतक्याच आवडीनें बोलतात. मात्र चर्चगेटच्या गाडीची वाट पाहत मालाडच्या फलाटावर उभे राहणाऱ्या त्या रसिकांपासून थोड्याच अंतरावर हॉलिवुडचें एक भावंड नांदत होतें, याचा अनेकांना विसर पडलेला आहे. त्या भावंडाचें नांव बॉम्बे टॉकीज.

हिमांशु राय यांनीं १९३४ सालीं ही संस्था स्थापिली. त्यापूर्वीं जर्मनीच्या सहकार्यानें 'लाइट ऑफ एशिया', 'शिराझ' आणि 'थ्रो ऑफ डाइस' हे तीन मूकपट त्यांनीं काढले होते व ते युरोपांत दाखविले गेले होते. मालाडला एका धनिक पारशी गृहस्थाच्या प्रशस्त वाडीत त्यांनीं बाहेरचा आवाज आंत न येईल असें चित्रमंदिर बांधिलें, रसायनशाळा उभारली, आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक योझेफ विर्शिंग अशा जाणत्या जर्मन मंडळींस तेथें आणून बसविलें. नायिका होत्या त्यांच्या पत्नी देविकाराणी. हॉलिवुडच्या कंपन्या नटांना दीर्घ मुदतीच्या कराराने बांधून घेत. मालाडलाहि नट, लेखक, सुतार, रंगारी सर्व दरमहा पगारावर असत. पदवीधर तरुणांस मुद्दाम निवडून घेतलें जाई. भोजनगृहांत जातिभेद न मानतां सर्वांनीं एकत्र जेवावें असा दंडक होता. आणि १९३६ सालीं येथूनच 'अछूत कन्या' निघाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या दंडकाचें मोल कळतें.

'अछूत कन्या'ची कथा साधी आहे. रेल्वेच्या फाटकावरील अस्पृश्य चौकीदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांचा बालपणापासूनचा स्नेह. समाज आडवा येतो. दोघांचीं लग्नें वेगवेगळ्या ठिकाणीं होतात. शेवटीं संशयानें पेटलेला कस्तुरीचा नवरा रुळांवरच प्रतापशीं झटूं लागतो आणि समोरून गाडी येत असते. ती थांबविण्यासाठीं कस्तुरी धावते आणि प्राणास मुकते. आजच्या प्रेक्षकास यांतील पुष्कळसें खटकेल. चौकीदाराच्या मुलीच्या भिवया एवढ्या रेखीव कशा, हा प्रश्न त्या काळींहि रास्त होता. संवाद कित्येकदां पाठ म्हटल्यासारखे वाटतात. तरी चित्रपट एकदां पाहण्यास बसलें कीं उठवत नाहीं.

असें कां व्हावें? 'जुनें तें सोनें' म्हणून हा प्रश्न निकालांत काढणें सोपें आहे, पण जुन्यांत पितळहि पुष्कळ होतें आणि तें लोक विसरलेहि. खरें कारण असें दिसतें कीं, त्या चित्रपटांत मुद्रेला वेळ दिलेला असतो. विर्शिंग यांचा प्रकाश चेहऱ्यावर एका अंगानें पडतो, दुसरें अंग सावलींत राहतें, आणि पात्र बोलण्यापूर्वीं विचार करतें आहे हें प्रेक्षकास दिसतें. गाणेंहि पात्रेंच म्हणत. सरस्वतीदेवी या नांवानें संगीत देणाऱ्या पारशी बाईंनीं देविकाराणी आणि अशोककुमार यांच्या बेताच्या गळ्यांना झेपतील अशा चाली बांधल्या. तयारीचा गवई ऐकून मान डोलवील असें त्यांत कांहीं नाहीं. पण जो चेहरा दिसतो त्याचाच श्वास कानीं पडतो. पार्श्वगायनाची प्रथा रुळल्यावर गाणें कितीतरी उंच गेलें, हें निर्विवाद आहे. मात्र ही जवळीक तेथें उणावली.

अशोककुमार हे मुळांत नट नव्हतेच. ते मालाडच्या रसायनशाळेंत कामाला होते. 'जीवन नैया'चा ठरलेला नायक दूर झाला, तेव्हां हिमांशु राय यांनीं त्यांना नायक केलें. आरंभींचे त्यांचे अवघडलेले हात पडद्यावर स्पष्ट दिसतात. सात वर्षांत तेच हात 'किस्मत'मध्यें सिगारेट अशा सहजतेनें धरूं लागले कीं खिसेकापू नायक लोकांना आपलासा वाटला. १९४३ सालचा हा बोलपट कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहांत तीन वर्षांहून अधिक काळ चालला. एकाच छताखालीं, त्याच कारागिरांच्या संगतींत वर्षानुवर्षें राबावयास मिळालें नसतें, तर हा बदल घडणें कठीण होतें. नटाचें तेज म्हणून जें आपण वाखाणतों त्यांत रसायनशाळेंतील पोऱ्यापासून छायालेखकापर्यंत सगळ्यांचा वांटा असतो. हॉलिवुडच्या मोठ्या नटांचीहि तीच गोष्ट आहे.

मराठी मंडळींना या संस्थेविषयीं ममत्व वाटावें असें आणखी एक कारण आहे. धारवाडच्या लीला चिटणीस पदवीधर होत्या. 'नाट्यमन्वंतरा'च्या रंगभूमीवरून चित्रपटांत आलेल्या या बाईंनीं १९३९ सालच्या 'कंगन'मध्यें नायिकेचें काम केलें आणि पाठोपाठ 'बंधन' व 'झूला' हे बोलपट गाजले. लक्स साबणाच्या जाहिरातींत तोंवर हॉलिवुडच्या नट्या झळकत. १९४१ सालीं तेथें लीलाबाईंचा चेहरा आला. सुशिक्षित मराठी घरांतील स्त्रीनें तोंडाला रंग लावावा कीं नाहीं, यावर जेव्हां घरोघर वाद होत, त्या काळांतील ही गोष्ट आहे. त्याच सुमारास स्नेहप्रभा प्रधान 'पुनर्मिलन'मध्यें झळकल्या. लीलाबाई पुढें 'आवारा', 'गाइड' इत्यादि चित्रपटांत आई झाल्या आणि २००३ सालीं अमेरिकेंत निवर्तल्या. त्यांचें 'चंदेरी दुनियेत' हें आत्मचरित्र ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं अवश्य मिळवून वाचावें.

या नगरीचे दिवस फार भरले नाहींत. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच जर्मन मंडळी शत्रुपक्षाचे म्हणून स्थानबद्ध झाली. पुढील वर्षीं हिमांशु राय वारले. देविकाराणींनीं कारभार सांभाळला. १९४४ सालच्या 'ज्वार भाटा'मध्यें दिलीपकुमार हे नांव प्रथम पडद्यावर आलें तें त्यांच्याच निवडीनें. परंतु संस्थेंत दोन तट पडले होते. अशोककुमार आणि शशधर मुखर्जी यांनीं बाहेर पडून गोरेगांवास फिल्मिस्तान काढलें, आणि देविकाराणी १९४५ सालीं चित्रपटांतून निवृत्त झाल्या. मध्यंतरीं सुटून आलेल्या विर्शिंगनीं १९४९ सालीं 'महल' चित्रित केला. त्यांतील अंधाऱ्या दालनांतून मधुबाला दिसते आणि नाहींशी होते तें पाहिलें, म्हणजे मालाडची सावली अजून जिवंत होती हें पटतें. पांच-सहा वर्षांतच संस्था बंद पडली.

हॉलिवुडचे चित्रपट टिकले त्यांत कलेइतकाच जपणुकीचा भाग आहे, आणि तेथेंहि मूकपट फार मोठ्या संख्येनें गमावले गेले. आपल्याकडे जपणूक उशिरा सुरू झाली. मास्टर विठ्ठल ज्याचे नायक होते तो १९३१ सालचा 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जुन्या फिती ज्वालाग्राही असत, चांदी काढण्यासाठीं त्या विकल्याहि जात. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं, आणि त्यानंतरहि २००३ सालीं तेथील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून मोठा साठा भस्म झाला. 'अछूत कन्या' आणि 'किस्मत' वांचले हें आपलें भाग्यच म्हणावें लागेल.

मालाडच्या त्या वाडीची आज लहान लहान कारखान्यांनीं आणि गाळ्यांनीं गर्दी केली आहे. चित्रमंदिराच्या भिंती पडक्या झाल्या आहेत. 'बॉम्बे टॉकीज कंपाऊंड' एवढें नांव पत्त्यांत उरलें आहे. विर्शिंगनीं काढलेलीं छायाचित्रें त्यांच्या कुटुंबानें जतन केलीं आणि २०१७ सालीं पणजीच्या प्रदर्शनांत तीं लोकांनीं पाहिलीं. हिमांशु रायांचे कागद, पत्रें आणि चित्रें तर थेट ऑस्ट्रेलियांत, त्यांच्या नातवाजवळ होतीं. त्याच वर्षीं मेलबर्नच्या चित्रपट-संग्रहालयांत त्यांचें प्रदर्शन भरलें. बोरिवलीच्या गाडीनें जाणाऱ्यास मालाडला उतरून त्यांतील कांहींहि पाहावयास मिळत नाहीं.