अ‍ॅम्पचा 'स्वभाव' कानांनी ओळखायचा कसा?

पॉडकास्टच्या आजच्या भागाची ही लिखित आवृत्ती.

"हा अ‍ॅम्प उबदार आहे." "तो जरा कोरडा वाटतो." "याचा बास भरीव आहे." महागड्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा कुठलाही रिव्ह्यू उघडा, ही विशेषणं भेटणारच. आणि किमती लाखांत! म्हणजे आपण लाखो रुपये विशेषणांवर लावतो. मग हा स्वभाव खरंच असतो का? असला तर ओळखायचा कसा?

चला, १९८५ मध्ये जाऊया. अमेरिकेत 'स्टिरिओफाइल' हे हाय-एंड ऑडिओचं मासिक. बॉब कार्व्हर या डिझायनरने त्यांच्यापुढे पैज ठेवली: तुम्हाला आवडेल तो महागडा अ‍ॅम्प निवडा, माझा स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मी ४८ तासांत हुबेहूब तसा वाजवून दाखवतो. संपादकांनी निवडला व्हॉल्व्हचा, कॉनरॅड-जॉन्सन प्रीमियर फाइव्ह.

कार्व्हरची युक्ती बघा. दोन्ही अ‍ॅम्पना एकच गाणं द्यायचं आणि स्पीकर दोघांच्या आउटपुटच्या मध्ये जोडायचा. दोन्ही अगदी सारखे असतील तर स्पीकर गप्प. जे ऐकू येईल तो निव्वळ फरक. दूध का दूध, पानी का पानी! (हे घरी करू नका, अ‍ॅम्प जळू शकतो.) तो फरक त्याने सुमारे ७० डेसिबल खाली नेला, म्हणजे मूळ व्होल्टेजच्या साधारण तीन हजारावा हिस्सा. मग संपादक ऐकायला बसले आणि त्यांना दोघांत फरक सांगता आला नाही.

यावरून लोक म्हणतात, "बघा, सगळे अ‍ॅम्प सारखेच!" पण नाही ना! कार्व्हरला आधी आपला अ‍ॅम्प बदलावा लागला. म्हणजे स्वभाव होता. फक्त तो जादूचा नव्हता. तो मोजता येत होता, म्हणून त्याची नक्कलही करता आली.

हा स्वभाव येतो कुठून? एक मोठं कारण म्हणजे आउटपुट इम्पिडन्स. स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात तो एखाद्या सुराला ४ ओहम असतो, तर दुसऱ्या सुराला २०. अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पिडन्स २ ओहम असेल, तर या दोन सुरांच्या पातळीत जवळजवळ २.७ डेसिबलचा फरक पडतो. हे सहज ऐकू येतं. तोच इम्पिडन्स ०.०५ ओहम असेल, तर फरक ०.१ डेसिबलपेक्षाही कमी. बहुतेक चांगले ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प या दुसऱ्या गटात बसतात.

अपवाद आहेत, आणि तेही मुद्दाम केलेले. नेल्सन पास यांच्या 'फर्स्ट वॉट'चा एफ-वन घ्या. ट्रान्झिस्टरचाच, पण आउटपुट इम्पिडन्स मुद्दाम खूप जास्त ठेवलेला. तिथे स्वभाव हाच डिझाइनचा भाग आहे. दुसरं कारण ताकदीचं. अ‍ॅम्पची क्षमता संपली की लाटेचं टोक कापलं जातं आणि आवाज कर्कश होतो. छोटा अ‍ॅम्प, अवघड स्पीकर आणि मोठा आवाज हे तिन्ही एकत्र आले, की कुणालाही फरक कळतो.

पण शोरूममध्ये काय होतं? दोन अ‍ॅम्पपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असतो. थोडंसं मोठं आपल्याला 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. जास्त मोकळं, जास्त भरीव. त्यात समोर जाड अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल आणि किमतीची पाटी. कान बिचारे काय करणार!

म्हणून तीन नियम.

एक, आवाज जुळवा, आणि तो कानांनी नव्हे, मल्टिमीटरने. टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज बघा. एकावर २.०० आणि दुसऱ्यावर २.०२ व्होल्ट, इतपत चालेल. तो फरक ०.१ डेसिबलच्या आत आहे.

दोन, नाव लपवा. कुठला अ‍ॅम्प वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मित्राने नाणं उडवून ठरवावं.

तीन, एकदा ओळखलं म्हणून खूश होऊ नका. दहापैकी पाच तर अंदाजानेही बरोबर येतात. दहापैकी नऊ किंवा जास्त निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता मात्र साधारण १ टक्काच. तिथून पुढे बोला.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे लाखांचा अ‍ॅम्प! पण फोनला लावायचा डोंगलही अ‍ॅम्पच आहे. काही इअरफोन्समध्ये एकापेक्षा जास्त ड्रायव्हर असतात आणि त्यांचा इम्पिडन्स सुरागणिक बराच बदलतो. मग दोन डोंगल खरंच वेगळे वाजू शकतात, आणि कारण वर सांगितलं तेच. तेव्हा महागडा डोंगल घेण्याआधी त्याचा आउटपुट इम्पिडन्स विचारा. जितका कमी, तितकी ढवळाढवळ कमी.

आणि एवढं करूनही फरक ऐकू आला तर? मग तो तुमचा आहे, हक्काने सांगा. नाही आला, तर उरलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. तिथले फरक ओळखायला नाणं उडवावं लागत नाही.

भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा!