धुराचं इंधन आणि विजेचं बिल



पत्रिकेवर 'हरितगृह वायूंपासून इंधन' असं वाचून, हवेतल्या धुराचं पेट्रोल कसं करतात ते ऐकायला काही मंडळी आली असतील. ते होतं, बऱ्याच प्रयोगशाळांत होतं. मी बोलणार आहे ते त्यात जाणाऱ्या विजेबद्दल.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून संपलेला कार्बन. जळताना बाहेर पडलेली ऊर्जा परत भरल्याखेरीज त्याचं पुन्हा इंधन होत नाही. एक किलो वायू फोडून कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन वेगळे करायचे, तर काहीही वाया न जाता सुमारे १.८ युनिट वीज लागते. हा निसर्गाचा दर. इथे घासाघीस चालत नाही. आता आपल्या ग्रिडची वीज घ्या. तिच्या प्रत्येक युनिटमागे देशात सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक किलो फोडायला आपण सव्वा किलो नवा सोडला, तोही यंत्र शंभर टक्के कार्यक्षम धरून! पन्नास टक्क्यांचं असेल तर अडीच किलो. अशा विजेवरचा कारखाना कोणी 'हरित' म्हणून दाखवला, तर चहा घ्या आणि परत या.

मग हा वायू विजेने फोडणाऱ्या प्लाझ्माची एवढी चर्चा का? वायूत जोरदार विद्युतक्षेत्र उभं केलं की इलेक्ट्रॉन सुटतात आणि धावू लागतात, तोच प्लाझ्मा. ते अतिशय हलके, रेणू त्यांच्या मानाने जडशीळ. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचं तापमान दहा-वीस हजार अंशांवर गेलं तरी वायू कोमट राहू शकतो. वेर्नर सीमेन्सने १८५७ साली ओझोन बनवण्यासाठी काचेच्या नळीचं उपकरण केलं, ते याच तत्त्वावर. आजचे बरेच प्रयोग त्याच्याच वंशजांत होतात. भट्टी तासन्‌तास तापवावी लागत नाही, बटण दाबलं की काम सुरू. पण कार्यक्षमता जेमतेम दहा टक्के, कारण रेणू एकाच फटक्यात फोडायला गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खर्च होते.

यावर १९७० आणि ८० च्या दशकांत मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक देखणी कल्पना मांडली. कार्बन डायऑक्साइडचा रेणू कंप पावतो. (त्याच्या कंपनांमुळेच तो पृथ्वीची उष्णता अडवतो, म्हणजे आपलं सारं दुखणं तिथूनच सुरू होतं.) झोपाळ्याला तालात छोटे छोटे हिसके देत उंच न्यावा, तसं सौम्य इलेक्ट्रॉनांनी हे कंपन पायरीपायरीने वाढवत न्यायचं, मग बंध जवळजवळ आपोआप तुटतो. मायक्रोवेव्ह प्लाझ्मात ८० ते ९० टक्के कार्यक्षमता मिळाल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. पुढची कित्येक वर्षं या आकड्यांवर स्वप्नं रचली गेली. मग नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या गटांनी तसेच प्रयोग आधुनिक मोजमापांनिशी केले, तेव्हा आकडा साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपास अडला. प्लाझ्माच्या मध्यभागी वायूचं तापमान काही हजार अंशांवर निघालं. म्हणजे रेणू मुख्यतः साध्या उष्णतेनेच फुटत होते!

मला हा निकाल निराशेचा वाटत नाही. काम कशामुळे होतं ते कळलं की ते सुधारता येतं. उष्णतेने फुटलेला मोनॉक्साइड सावकाश थंड झाला तर ऑक्सिजनशी पुन्हा जुळून मूळपदावर येतो. म्हणून आता सगळा भर आहे तो तापलेला वायू क्षणात निववण्यावर. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या ॲनेमी बोगार्ट्स यांच्या गटाने आणखी एक वाट चोखाळली आहे: प्लाझ्मामागे कोळशासारख्या कार्बनचा थर ठेवायचा. मोकळा ऑक्सिजन त्याला धरतो आणि त्याचाही मोनॉक्साइड होतो. दोन वायू वेगळे करण्याची कटकटही त्याने बरीच कमी होते.

कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला मिथेन घेतला तर चित्र पालटतं. दोघांची प्रक्रिया झाली की मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात. या मिश्रणापासून मिथेनॉल करता येतं, किंवा फिशर आणि ट्रॉप्श यांच्या पद्धतीने डिझेल. मूळ मिथेनपेक्षा या मिश्रणात सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा असते. खर्चलेली ऊर्जा इंधनात उतरलेली असते. नेहमीच्या पद्धतीत निकेलचा उत्प्रेरक लागतो. काजळीने तो बुजतो, गंधकाने मरतो. उत्प्रेरकाविना चालणाऱ्या प्लाझ्माला गंधकाची तेवढी भीती नाही. काजळीचा त्रास मात्र त्यालाही आहे.

काजळीच हवी असेल तर? अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या हॅलमजवळ मोनोलिथ कंपनी प्लाझ्माने नैसर्गिक वायू फोडून टायरसाठी लागणारा कार्बन ब्लॅक बनवते, आणि हायड्रोजन सोबत येतो. पाणी फोडण्याच्या मानाने मिथेनमधून हायड्रोजन काढायला ऊर्जा बरीच कमी लागते. प्लाझ्मा बाजारात उतरतो तो असा, विकता येईल असा माल हाताशी असला की. उलटं उदाहरण नॉर्वेचं. १९०५ साली नोटोडनला बिर्केलांड आणि आयडे यांची विजेची ठिणगी, म्हणजे प्लाझ्माच, हवेतून खत बनवू लागली. धबधब्यांची वीज स्वस्त होती तरी खताच्याच हाबर-बॉश पद्धतीपुढे ती टिकली नाही, कारण तीच वीज दुसरीकडे जास्त कामाची ठरली.

आपल्याकडे हा प्रश्न साखर कारखान्यांच्या दारात उभा आहे. प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून, बायोगॅस होतो. त्यात साधारण ६० टक्के मिथेन आणि ४० टक्के कार्बन डायऑक्साइड. गॅस शुद्ध करताना दुसरा वायू बहुधा हवेत सोडून देतात. प्लाझ्माला याहून आयता कच्चा माल कुठला! शिवाय गाळपाच्या हंगामात बगॅसवरची सहवीजनिर्मिती सुरूच असते, कोळसा नको. पण हिशेब मांडा. तीच वीज ग्रिडला विकली तर युनिटमागे सरासरी ०.७ किलो उत्सर्जन टळतं. निम्म्या कार्यक्षमतेच्या प्लाझ्मात तेच युनिट पाव किलोच्या थोडं वर वायू फोडतं, मिथेनची जोड दिली तरी फार तर एक तृतीयांश किलो. वीज विकणंच बरं. सौरवीज दुपारी ग्रिडला घेता येत नाही आणि पॅनेल बंद ठेवावे लागतात, तिथे मात्र आकडे उलटे होतात. तेवढे चार-पाच तास प्लाझ्मा चालवा, तयार वायू टाकीत साठवा आणि मिथेनॉलचा कारखाना रात्रभर त्यावर चालू द्या. पुरेशी मोठी टाकी कितीला पडते, हा त्यातला सर्वांत रटाळ आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.