पानाचा फोटो आणि रोगाची ओळख

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पानावर डाग दिसला की आपण ते पान खुडून कृषी सेवा केंद्रात नेतो. आता अनेकजण मोबाइलवर फोटो काढून संगणकालाच रोगाचे नाव विचारतात. सोय चांगली आहे. पण नाव चुकले तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि रोग वाढतच राहतो. म्हणून संगणक फोटो कसा ओळखतो, हे समजून घेतले पाहिजे.

संगणक फोटोतील रंग, डागाचा आकार, कडा व पोत यांचे आकड्यांत रूपांतर करतो आणि साठवलेल्या फोटोंच्या आकड्यांशी ते ताडून पाहतो. ज्यांचे आकडे सर्वांत जवळचे, ते फोटो पुढे ठेवतो. साठ्यात लाखो फोटो असले तर एका संगणकाला वेळ लागतो. म्हणून काम वाटून देतात. खुरपणीला दहा बायका लावल्या की प्रत्येकजण आपली पात धरते आणि रान लवकर उरकते, तसेच हे आहे. प्रत्येक संगणक आपल्या वाट्याचे फोटो तपासतो व जुळणारे चार-दोन मुख्य संगणकाकडे पाठवतो. तेथे अखेरची निवड होते.

साठ्यातील फोटो दाखवून संगणकाला रोग ओळखायला शिकवताही येते. २०१६ साली मोहंती, ह्यूज व सलाथे या शास्त्रज्ञांनी १४ पिकांच्या ५४,३०६ फोटोंचा संच वापरून २६ रोगांची ओळख शिकवली. त्याच संचातून बाजूला ठेवलेल्या फोटोंवर उत्तरे ९९.३५ टक्के बरोबर आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर मात्र हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर घसरले. संचातील फोटो साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेल्या एकेका पानाचे होते. आपल्या शेतात ऊन, सावली, माती, तण सारेच फोटोत येते.

यासाठी फोटो काढताना पुढील काळजी घ्यावी :

१. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. द्राक्षावरील केवडा रोगात वरून पिवळसर तेलकट डाग दिसतो. पांढरी बुरशी पानाखाली असते.

२. एक फोटो जवळून व एक पूर्ण झाडाचा घ्यावा. नत्राच्या कमतरतेने आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात, तर लोहाच्या कमतरतेने शेंड्याकडील नवी. सुट्या पानाच्या फोटोत हा फरक कळत नाही.

३. हरभऱ्यावर मर रोगाची शंका आल्यास झाड उपटून मूळ व खोड उभे चिरावे आणि आतील काळपट भागाचा फोटो घ्यावा.

४. कडक उन्हात फोटो काढू नये. हात स्थिर ठेवावा.

संगणकाने सांगितलेले नाव हा अंदाज समजावा. औषध खरेदी करण्यापूर्वी रोगट झाड जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना अवश्य दाखवावे. फोटोत जे आले नाही, ते कितीही संगणक एकत्र आले तरी त्यांना दिसणार नाही. ते पाहायला आपणच बांधावर असतो.