ताप, निरसे दूध आणि न विचारलेला प्रश्न

(करामा येथे भक्तमंडळींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. अशा मधल्या वेळात डॉक्टरला उभे केले की मंडळी गुडघेदुखी आणि रक्तातली साखर यांवर ऐकायला सरसावून बसतात. ते पुढच्या खेपेला. आज मी ब्रुसेलोसिस या आजाराविषयी बोलणार आहे, आणि तेही एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसांच्या संदर्भात. एचआयव्ही हा शब्द देवाच्या दारात काढला म्हणून कोणी अवघडून जाऊ नका. आजारी माणसाला देवळाच्या पायरीशी आधार मिळायचा नाही तर कुठे मिळायचा?

आधी हा आजार समजून घेऊ. शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी आणि उंट यांच्यात ब्रुसेला नावाचा जंतू असतो. जनावर गाभडते, म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ टाकते. पशुवैद्य त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. माणसाला तो होतो निरशा दुधातून, त्या दुधाच्या ताज्या चीजमधून, किंवा व्यायलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढताना. माणसाकडून माणसाला तो क्वचितच जातो. म्हणून रोग्याला वाळीत टाकायचे काही कारण नाही.

याचा शोधही ऐकण्यासारखा आहे. माल्टा बेटावरचे ब्रिटिश सैनिक महिनोन्महिने तापाने झिजत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मृतांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा काढला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडले. तेमिस्तोक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टरला तो तिथल्या शेळ्यांच्या रक्तात सापडला. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या, त्यांचे दूध दारोदार जात होते. १९०६ मध्ये सैनिकांना ते दूध बंद केले आणि छावणीतला ताप ओसरला. औषध सापडायच्या कितीतरी आधी नुसत्या योग्य प्रश्नाने माणसे वाचली, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. ताप चढतो-उतरतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर आणि सांधे धरतात, वजन घटते, यकृत-प्लीहा वाढतात. ही लक्षणे सांगितली की आपल्याकडचा कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा क्षयरोग म्हणेल, नाहीतर टायफॉइड. त्यात रोग्याला एचआयव्ही असेल तर क्षयाचा संशय अधिकच बळावतो, आणि तो रास्तही आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षयाचा धोका खरोखरच जास्त असतो. अडचण पुढे येते. एकदा क्षय मनात बसला की दुसरे काही विचारायचे राहून जाते.

मी सोलापूर जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ फिजिशियन होतो. तिथे माझ्याकडे एक तरुण आला होता. आखातात शेळ्या आणि उंट राखायच्या कामावर गेलेला. व्हिसाच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि परत आला. गावी त्याचे एचआयव्हीचे औषध सुरू झाले, तब्येत सुधारली. मग ताप आणि कंबरदुखी सुरू झाली. एका दवाखान्यात थुंकी तपासली, त्यात क्षयाचे जंतू नव्हते. तरीही संशयावरून क्षयाची औषधे दिली गेली. ताप उतरला. सहा महिन्यांचा कोर्स संपला आणि थोड्याच दिवसांत तोच ताप परत आला.

हे का घडले, ते नीट पाहा. क्षयाच्या औषधांतले रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालते. पण जोडीला दुसरे योग्य औषध नसेल तर आजार दबतो, मुळापासून जात नाही. रोग्याला आणि डॉक्टरला वाटते की निदान बरोबर होते.

माझ्याकडे आल्यावर त्याच्या आईनेच सांगितले, "डॉक्टरसाहेब, तिकडं तो शेळीचं धारोष्ण दूधच प्यायचा." पुढच्या तपासण्या त्या एका वाक्यामुळे झाल्या. रक्तात प्रतिपिंडे सापडली, कल्चरमध्ये जंतू वाढला. औषध बदलले आणि तो बरा झाला.

तपासण्यांविषयी थोडे सांगतो, म्हणजे घरात वेळ आली तर तुम्हाला विचारता येईल. रोज बेंगाल ही चटकन होणारी पहिली चाचणी. त्यानंतर अ‍ॅग्लुटिनेशन चाचणी, तिच्यात प्रतिपिंडांचे प्रमाण पाहतात. इथे दोन खाचखळगे आहेत. प्रतिपिंडे फारच जास्त असली तर रक्तद्रव पुरेसा पातळ केल्याशिवाय चाचणी खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. दुसरे म्हणजे, एचआयव्ही पुढच्या टप्प्यात गेला असेल, सीडी-४ पेशी फार कमी झाल्या असतील, तर शरीर प्रतिपिंडेच पुरेशी बनवत नाही. तेव्हा निगेटिव्ह अहवालावर विसंबून चालत नाही. रक्ताचे कल्चर, आणि गरज पडली तर हाडातल्या मगजाचे कल्चर करावे लागते. ज्यांचा एचआयव्ही औषधाने आटोक्यात आहे, त्यांच्यात हा आजार बहुधा इतरांसारखाच दिसतो आणि चाचण्याही तशाच उपयोगी पडतात.

आणखी एक. कल्चरला नमुना देताना ब्रुसेलोसिसचा संशय आहे, हे प्रयोगशाळेला आधी सांगायचे. हा जंतू हळू वाढतो, आणि हवेतून तिथल्या कर्मचाऱ्यांनाच लागण होऊ शकते.

उपचार साधारण सहा आठवड्यांचे असतात. डॉक्सीसायक्लीन आणि सोबत रिफाम्पिसिन, किंवा काही दिवस इंजेक्शने. मणक्यात किंवा हृदयाच्या झडपेत आजार पोचला तर त्याहून जास्त. रिफाम्पिसिन एचआयव्हीच्या काही औषधांचा जोर कमी करते, डोलुटेग्राव्हिरचा डोस तर वाढवावा लागतो. म्हणून एचआयव्हीची गोळी चालू आहे हे डॉक्टरपासून कधीही लपवू नये.

लपवावे का वाटते, हे मला कळते. इथे व्हिसाच्या तपासणीत एचआयव्ही आढळला की परदेशी माणसाला मायदेशी परतावे लागते. कर्ज काढून आलेला माणूस त्या भीतीने ताप अंगावर काढतो. त्याला एवढे तरी माहीत असावे की परतणे म्हणजे सारे संपणे नव्हे. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीचे औषध मोफत मिळते. २०१७ च्या कायद्याने त्याच्या आजाराची गुप्तता राखणे बंधनकारक केले आहे आणि नोकरीत वा दवाखान्यात भेदभाव करायला मनाई केली आहे. भारतात १०९७ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. नियमित औषध घेणारा माणूस दीर्घायुषी होऊ शकतो. त्याच्या हातचा प्रसाद घेतल्याने, त्याच्या शेजारी पंगतीला बसल्याने कोणाला काही होत नाही.

आता आपल्या हातातल्या गोष्टी.

दूध उकळूनच प्या. आपल्या आयांनी पातेल्यातले दूध वर येईपर्यंत उकळायची शिस्त लावली, तिनेच पिढ्या वाचवल्या. धारोष्ण दूध ताकदीचे, ही समजूत सोडा. वाळवंटात फिरायला गेल्यावर कोणी प्रेमाने उंटाचे ताजे दूध पुढे केले तर नम्रपणे नाही म्हणा. दुकानातले पाश्चराइज केलेले दूध चालते.

पंचामृताबद्दल पुजारीकाकांशी बोललो आहे. तीर्थ म्हणून जे ओठाला लागते, त्यातले दूध उकळून गार केलेले असावे, आणि दहीही तशाच दुधाचे. भावाला यात उणेपणा येत नाही.

गावी ज्यांची गुरे आहेत, त्यांनी घरी फोन करून सांगा. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने उचलू नये, खोल पुरावी. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस द्यावी. २०१९ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती दिली जाते.

शेवटी ट्रस्टच्या वतीने विनंती. परतलेल्या गरजू रुग्णांना एसटीचे भाडे, तपासण्या आणि पौष्टिक आहार यांसाठी मदत लागते. इथे परवानगीशिवाय निधी गोळा करणे कायद्यात बसत नाही, म्हणून आज थाळी फिरणार नाही. ज्यांना द्यायचे आहे त्यांनी गावी गेल्यावर ट्रस्टच्या कार्यालयात देऊन पावती घ्यावी. रुग्णाचे नाव कोणीही विचारू नये, ते सांगितले जाणार नाही.

आणि पैशाशिवायही एक मदत आहे. तुमच्या खोलीत, इमारतीत, ओळखीत कोणाला दोन-तीन आठवडे ताप असेल तर त्याच्याजवळ बसा. जनावरांत काम होते का, निरसे दूध प्यायलास का, एवढे विचारा, आणि त्याचे उत्तर त्याच्या डॉक्टरच्या कानावर घालायला सांगा.

देव सर्वांना आरोग्य देवो. नमस्कार.